शिकवणं कोणाच्या ड्यूटीत? नागपुरातल्या एका सरकारी कार्यशाळेतल्या अप्रेंटिसांच्या तुकडीचा प्रकरण अभ्यास

नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात आयटीआय झालेल्या मुलाला पुढं काय म्हणून विचारलं, की उत्तर येतं: अप्रेंटिसचा फॉर्म भरलाय. कुठं, असं विचारलं की यादी सुरू होते. रेल्वे, वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी, ऑर्डनन्स फॅक्टरी, एसटी, महावितरण, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं. सार्वजनिक क्षेत्रातले इतके नियोक्ते एका शहराभोवती असणं ही नागपूरची मोठी जमेची बाजू आहे. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन रेल्वेंची विभागीय कार्यालयं इथं आहेत. वेकोलि आणि मँगनीज काढणारी मॉइल यांची मुख्यालयं इथलीच. आयुध निर्माणी (ऑर्डनन्स फॅक्टरी) मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२१ला सात कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय अंबाझरीला आलं. एसटीच्या राज्यातल्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक हिंगण्यात आहे. मोतीबागचा रेल्वे कारखाना तर १८७९ सालचा, छोट्या रेल्वेच्या काळातला. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेनं २०२५ साली नागपूर विभाग आणि मोतीबाग मिळून १,००७ अप्रेंटिसांची जाहिरात काढली होती, त्यातल्या ९१९ जागा विभागात आणि ८८ मोतीबागेत.

एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. गिरण्या होत्या तोवर हाताचं काम शिकायला तीही एक जागा होती. आता हिंगणा आणि बुटीबोरीत कारखाने आहेत, पण लहान कारखान्यात मालकाला पहिल्या दिवसापासून माल बाहेर पडायला हवा असतो. मोठी यंत्रं, जुने कारागीर, भरलेलं स्टोअर आणि चुकलेला जॉब फेकून दुसरा द्यायची ऐपत, हे सगळं एका छताखाली बहुतांशी सरकारी उपक्रमातच सापडतं. म्हणून इथं शिकाऊ उमेदवारी नीट झाली नाही, तर त्या मुलाला दुसरी शाळा उरत नाही.

हे प्रकरण अशाच एका कार्यशाळेतलं आहे. तिचं नाव देत नाही. तिथल्या माणसांनी मोकळेपणानं बोलून दाखवलं ते नाव येणार नाही या विश्वासावर, आणि जे घडलं ते शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही उपक्रमात घडू शकलं असतं. मी शिल्पनिदेशक आहे. अप्रेंटिसांच्या अनुषंगिक विषयांचे, म्हणजे थिअरी, ड्रॉइंग आणि कार्यशाळा गणिताचे तास घेतो. त्या तासांमुळेच ही तुकडी माझ्यासमोर आली.

तुकडी आणि तिची वाटणी

वीसेक मुलं-मुली होत्या. बहुतेक फिटर आणि इलेक्ट्रिशियन, थोडे वेल्डर, दोघं कोपाचे, म्हणजे संगणक चालवण्याच्या ट्रेडचे. उमरेड, काटोल, कुही, मौदा, सावनेर इथून आलेले. काही जण रोज पॅसेंजरनं किंवा एसटीनं ये-जा करायचे, काहींनी खोल्या करून राहायचं ठरवलं. निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर झाली होती. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर करारनामे नोंदले गेले, वैद्यकीय तपासणी झाली, गेटपास मिळाले, सेफ्टी शूज मिळाले. सुरक्षा अधिकाऱ्यानं पहिल्या दिवशी चांगलं दोन तास व्याख्यान दिलं. इथपर्यंत सगळं शिस्तीत झालं आणि त्याचं श्रेय त्या उपक्रमाला द्यायला हवं. खासगी कारखान्यांत यातलं निम्मंही वेळेवर होत नाही.

त्यानंतर वाटणी झाली. कोणत्या सेक्शनला किती पोरं हवीत असं फोरमन लोकांना विचारलं गेलं, आणि ज्यानं जितकी मागितली तितकी त्याला दिली. मागणारा अर्थातच आपल्याकडं किती माणसं कमी आहेत यावरून मागत होता. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेलेल्या नव्हत्या. त्यामुळं मुलं रिकाम्या जागांवर जाऊन बसली. टायपिंग येणारे दोन फिटर टाइम ऑफिसात गेले. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दोन मुली आवक-जावकला. अंगानं दणकट असलेला एक मुलगा क्रेनखाली साखळी लावायला गेला आणि तिथंच राहिला. तिघं स्टोअरमध्ये. उरलेले खरोखर यंत्रांजवळ होते, पण त्यांच्या हातात बहुतेक वेळा कॉटन वेस्ट आणि झाडू.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. एका फोरमननं मला सरळ सांगितलं, "सर, माझ्याकडं चार जागा रिकाम्या आहेत. महिन्याला इतके पंप बाहेर पडलेच पाहिजेत. हे पोट्टे नसते तर मी साधं चलनसुद्धा वेळेवर काढू शकलो नसतो." त्याच्या अडचणीत तो खोटं बोलत नव्हता. अडचण मनुष्यबळाची होती आणि तिचा भार शिकायला आलेल्या पोरांवर पडला होता.

डायऱ्या

प्रत्येक अप्रेंटिसला रोज काय काम केलं याची डायरी ठेवावी लागते. नियोक्त्यानं प्रगतीची नोंद ठेवायची हे तर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १९मध्येच आहे. तीनेक महिन्यांनी मी डायऱ्या मागवल्या. सगळ्या पूर्ण भरलेल्या, सह्यांसकट. फिटरांच्या डायऱ्यांत एकाच आठवड्यात एकच वाक्य होतं: 'पंपाचे बेअरिंग बदलले.' स्पेलिंगच्या चुकाही त्याच. सह्या आस्थापना शाखेतल्या एका लिपिकाच्या.

मी एकाला उभं केलं. बेअरिंग तापवून चढवलं की ठोकून? किती तापवलं? कशानं मोजलं? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमी नाही जी, मिस्त्रींनं केलं. आमी तं त्या दिवशी स्टोअरमंदी होतो."

बॉल बेअरिंग शाफ्टवर चढवताना साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, १२०च्या वर जाऊ देत नाहीत, आणि गॅसची ज्योत तर थेट कधीच लावत नाहीत, कारण पोलादाची कठीणता जाते आणि बेअरिंग काही महिन्यांत बोंबलतं. फिटरच्या पुस्तकात हे असतं. वर्गात तोंडपाठ म्हणून दाखवणारी मुलंही मला भेटतात. पण इंडक्शन हीटरवरून उचललेलं बेअरिंग शाफ्टवर सरकवायला किती थोडे सेकंद मिळतात, ते वाकडं बसलं तर काय होतं, हातमोजे कोणते घालायचे, हे यंत्राजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अप्रेंटिसशिपचा सगळा हेतू एवढाच आहे. तो हेतू डायरीत पुरा झाला होता, हातात काहीच उतरलं नव्हतं.

त्या दिवशी मुलांनी मोकळं बोलायला सुरुवात केली. आवक-जावकला बसलेल्या मुलीनं विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटला: "सर, आम्ही तक्रार केली तर सर्टिफिकेट थांबवतील का?" घरी सगळ्यांना वाटत होतं की पोरगी 'सरकारीत लागली'. वडील गावात पेढे वाटून मोकळे झाले होते. अशा घरातली मुलगी साहेबासमोर जाऊन मला शिकवत नाहीत असं म्हणणार नाही.

कायदा काय म्हणतो

याबद्दल आपल्याकडं भलतेच गैरसमज आहेत, नियोक्त्यांमध्येही आणि पालकांमध्येही, म्हणून थोडं थांबून लिहितो.

कलम १८ म्हणतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. हे कलम प्रत्येक कार्मिक अधिकाऱ्याला पाठ असतं. पण याच कायद्यात कलम ११ आहे आणि ते कमी लोकांना पाठ असतं. ट्रेडमधलं प्रशिक्षण देणं, त्यासाठी विहित पात्रतेचा माणूस प्रभारी नेमणं आणि पुरेसे शिकवणारे उपलब्ध करून देणं ही नियोक्त्याची जबाबदारी आहे, असं ते सांगतं. कलम १४प्रमाणे कारखान्यातल्या आरोग्य-सुरक्षेच्या तरतुदी अप्रेंटिसलाही लागू आहेत, कलम १६प्रमाणे अपघाताची भरपाईही. कलम १५प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मान्यतेशिवाय त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही. अप्रेंटिस कामगार नाही, याचा सरळ अर्थ त्याला कामगाराच्या जागी वापरता येणार नाही असाच निघतो. व्यवहारात नेमका उलटा अर्थ काढला जातो.

२०१९मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्के या पट्ट्यात अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि ही टक्केवारी कंत्राटी माणसं धरून काढायची असते. त्याहून कमी घेतले तर दंड आहे: २०१४च्या दुरुस्तीनं पहिले तीन महिने रिकाम्या जागेमागं महिन्याला ५०० रुपये आणि पुढं १,००० रुपये ठरवले. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम दिल्याबद्दलही प्रत्येक प्रसंगाला १,००० रुपये दंड ठेवला. फरक असा की रिकामी जागा पोर्टलवर दिसते. आवक-जावकला बसलेली इलेक्ट्रिशियन पोर्टलवर दिसत नाही. म्हणून वरिष्ठ कार्यालयांतून येणारी सगळी पत्रं जागा भरल्या का, एवढंच विचारतात, आणि खालचा अधिकारी जागा भरून मोकळा होतो. या कार्यशाळेचा अहवाल शंभर टक्के हिरवा होता.

विद्यावेतन वेळेवर जमा होत होतं. आयटीआय झालेल्याला २०१९च्या त्या दुरुस्तीप्रमाणे किमान ७,००० रुपये ठरले होते. आयटीआयचं एक वर्ष धरून १० टक्के वाढ दिली की ७,७०० आणि दोन वर्षं धरून १५ टक्के दिली की ८,०५०, असे आकडे रेल्वेच्या जाहिरातींत दिसायचे ते यामुळं. नागपुरात खोली, डबा आणि येणं-जाणं यांतून फारसं काही उरत नाही. ही मुलं पैशासाठी वर्ष देत नाहीत. अनुभव आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र यांसाठी देतात. सरकारी उपक्रमाला ते वर्ष जवळजवळ फुकट मिळतं, म्हणून त्याच्या बदल्यात काय परत देतो हा प्रश्न त्याला विचारायलाच हवा.

बैठक

मी लेखी तक्रार केली नाही. तशी केली असती तर चौकशी झाली असती, लिपिकाला मेमो गेला असता आणि मुलांचं वर्ष तसंच संपलं असतं. कार्मिक अधिकाऱ्याला भेटलो, डायऱ्या समोर ठेवल्या आणि कलम ११ वाचून दाखवलं. अधिकारी समंजस निघाले. त्यांनी फोरमन, सुरक्षा अधिकारी, युनियनचे सचिव आणि मला एकत्र बोलावलं.

मला वाटलं होतं युनियनकडून विरोध होईल. मिस्त्रींना शिकवायचं वाढीव काम कशाला, असं ते म्हणतील. सचिवांनी वेगळाच मुद्दा मांडला आणि मला तो आजही सगळ्यात पटतो. अप्रेंटिसांकडून कायम माणसाचं काम करून घेतलं की ती जागा रिकामी असल्याचं कागदावर दिसतच नाही, भरतीचा प्रस्ताव वर जातो तेव्हा 'काम तर चाललंय ना' असं उत्तर येतं, आणि दरवर्षी नवी तुकडी येत राहिली की ती जागा कायमची मरते. मुलांना शिकवा आणि कामाला माणसं मागा, असं ते म्हणाले. शिकणाऱ्याचं आणि कामगाराचं हित इथं एकच आहे, हे मी कुठल्या परिपत्रकात वाचलं नव्हतं.

फोरमन लोकांचा प्रश्न रास्त होता: शिकवायचं कोणी आणि कधी? मिस्त्रीच्या नावावर रोजचं काम लागलेलं असतं. त्यानं तासभर पोराला दाखवण्यात घालवला तर त्याचा जॉब मागं पडतो आणि जाब त्याला विचारला जातो. म्हणजे चांगलं शिकवणाऱ्यालाच फटका. आजवर जे शिकवत होते ते स्वतःच्या चांगुलपणावर शिकवत होते.

इथं गाठ सुटली. कार्मिक अधिकाऱ्यांनी कार्यशाळेच्या प्रमुखांकडून एक पानाचा आदेश काढून घेतला. प्रत्येक सेक्शनमधल्या एका मिस्त्रीचं नाव प्रशिक्षक म्हणून त्यात आलं. त्याच्या रोजच्या कामातून एक तास शिकवण्यासाठी म्हणून कमी धरला गेला, आणि तो तास त्याच्या हजेरीच्या नोंदीत दिसायला लागला. डायरीवर सही त्यानंच करायची, लिपिकानं नाही. मुलं दर सहा आठवड्यांनी सेक्शन बदलणार. ऑफिसात फक्त कोपाची मुलं. स्टोअरमध्ये प्रत्येकानं एक आठवडा काढायचा, कारण माल ओळखणं, इंडेंट भरणं हेही कामाचंच ज्ञान आहे; पण एका आठवड्यावर एक दिवसही नाही.

आदेशासोबत जॉबची यादी जोडली. ती करताना आम्ही अभ्यासक्रमातून उतरवली नाही, मिस्त्रींनाच विचारलं: तुमच्या सेक्शनमध्ये नवा माणूस आला तर त्याला कोणती कामं यायला हवीत, म्हणजे तुम्ही त्याच्यावर काम सोडून घरी जाल? प्रत्येकानं आठ-दहा कामं सांगितली. ती यादी अभ्यासक्रमाशी ताडून पाहिली तर थोडंच जोडावं लागलं.

पंप आणि डायल गेज

फिटरांमधली एक मुलगी पंप सेक्शनला गेली. तिथले मिस्त्री निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. आयुष्यभर कोणी त्यांना 'शिकवा' असं कागदावर लिहून दिलं नव्हतं. मी एकदा गेलो तेव्हा मोटर आणि पंप यांचं अलाइनमेंट, म्हणजे दोन्हींचे शाफ्ट एका रेषेत आणणं, चाललं होतं.

त्यांनी आधी मोटरच्या पायांचे बोल्ट एकेक करून ढिले करायला लावले आणि प्रत्येक वेळी पाय उचलतो का ते फट मोजणाऱ्या फीलर गेजनं पाहायला सांगितलं. एक पाय उचलत होता, त्याखाली शिम, म्हणजे पत्र्याची पातळ पट्टी, गेली. मग कपलिंगवर, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागावर, काट्यानं माप दाखवणारं डायल गेज बसवलं. वरच्या बाजूला काटा शून्यावर आणून तिनं शाफ्ट हातानं अर्धा फिरवला. खाली वाचन आलं ०.४० मिलिमीटर. तिनं ०.४० जाडीचे शिम मोटरच्या चारही पायांखाली घातले, बोल्ट आवळले आणि पुन्हा फिरवलं. वाचन तेवढंच, फक्त उलट्या दिशेला.

"काका, हे तं उलटंच झालं."

"काऊन झालं, तूच सांग. घाई नोको करू."

मिस्त्री बाजूला जाऊन बसले. तिनं फरशीवर खडूनं दोन वर्तुळं काढली, एक जरा वर, एक जरा खाली. बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की वरून खाली येताना गेज फरक दोनदा मोजतं. दोन अक्षांमधलं खरं अंतर वाचनाच्या निम्मं, म्हणजे ०.२० आहे. शिम निम्मे काढले. काटा जवळजवळ जागेवरून हलला नाही. मिस्त्रींनी डायरी मागितली आणि सही करण्याआधी तिला खाली ते वर्तुळांचं चित्र काढायला लावलं.

ती चूक होऊ देण्याची मुभा हे सरकारी कार्यशाळेचं खरं बळ आहे. तासभर गेला. खासगी कारखान्यात तो तास कोणी दिला नसता, आणि त्यात मालकाला दोष देता येत नाही. सार्वजनिक उपक्रमानं तो द्यायलाच हवा, कारण त्या मुलीनं हा धडा पुढं कुठंही, अगदी बुटीबोरीतल्या खासगी कारखान्यात नेला तरी फायदा याच जिल्ह्याला होणार आहे. उपक्रमानं घडवलेल्या माणसाला उपक्रमातच नोकरी मिळेल असं नाही, म्हणून शिकवण्यावरचा खर्च वाया गेला असं काही अधिकारी म्हणतात. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला हा हिशेब शोभत नाही.

आवक-जावकच्या दोन मुली इलेक्ट्रिकल सेक्शनला आल्या. पहिले काही दिवस तिथल्या मिस्त्रींनी त्यांना पॅनेलजवळ येऊ दिलं नाही. पोरींना काही झालं तर काय, ही भीती. सुरक्षा अधिकाऱ्यानं तो प्रश्न सोडवला. मुलगा असो की मुलगी, सप्लाय बंद, कुलूप आणि टॅग लावलेला, टेस्टरनं तपासलेला, अशी खात्री झाल्याशिवाय कोणाही अप्रेंटिसनं हात लावायचा नाही, आणि ती खात्री प्रशिक्षक मिस्त्रीनं स्वतः करायची, असं त्यानं लेखी दिलं. नियम सगळ्यांना सारखा झाल्यावर मुलींना बाजूला ठेवायचं कारण उरलं नाही. मेगर लावून मोटरचं इन्सुलेशन तपासणं त्या दोघी आता सफाईनं करतात.

क्रेनखालचा मुलगा मात्र क्रेनखालीच राहायला पाहत होता. तिथं त्याला मान होता, सगळे नावानं हाक मारायचे. व्हाइसवर उभं राहून फाइलनं पृष्ठभाग सपाट करताना तो घामाघूम व्हायचा आणि काटकोन तपासायचा ट्राय-स्क्वेअर लावला की फट दिसायची. दोनदा पळाला. वेल्डिंगच्या मिस्त्रीनं त्याला धरून आणलं. शेवटी त्याचा जॉब जमला, पण उशिरा, आणि टर्निंगच्या सेक्शनला त्याला वेळच मिळाला नाही. पहिले तीन-चार महिने गेले होते ते परत येणार नव्हते. संपूर्ण तुकडीचं हेच झालं: यादीतली साधारण निम्मी कामं पुरी झाली, काहींची त्याहून कमी.

परीक्षा आणि त्यानंतर

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला सगळे बसले. प्रात्यक्षिकात यंदा कोणी रडत बाहेर आलं नाही, हे मी परीक्षा केंद्रावर पाहिलं. पण निकालापेक्षा मुलांना दुसरीच चिंता होती: घेतील का?

कलम २२प्रमाणे अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देणं नियोक्त्यावर बंधनकारक नाही. २०१४च्या दुरुस्तीनं इतकंच जोडलं की आपल्याकडं शिकलेल्यांना भरतीत कसं घ्यायचं याचं धोरण प्रत्येक नियोक्त्यानं ठरवावं. त्याआधी १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की बाकी गोष्टी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं, आणि वयात सवलतीचाही विचार व्हावा. रेल्वेनं आपल्याकडं अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१च्या पदांमध्ये २० टक्के जागा राखून ठेवल्या. ते पुरेसं नाही, सामावून घ्या, म्हणून २० मार्च २०१८ला शेकडो मुलांनी मुंबईत माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर बसून लोकल बंद पाडल्या होत्या.

मला या २० टक्क्यांबद्दल एक खंत आहे. लेव्हल-१ म्हणजे ट्रॅकमन, हेल्पर अशी पदं. यंत्रावर वर्षभर शिकलेला फिटर भरती होतो तो रुळांची देखभाल करायला. नोकरी मिळते, घर उभं राहतं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्याला शिकवलेलं कौशल्य उपक्रमाच्या हाती येऊनही वापरात येत नाही.

आमच्या कार्यशाळेचं भरती-धोरण काय, असं मुलांनी विचारलं. धोरण आहे, पण ते मुख्यालयात आहे आणि कार्यशाळेतल्या कोणाकडं त्याची प्रत नव्हती. कार्मिक अधिकाऱ्यांनी ती मागवून नोटीस बोर्डावर लावली. त्यात काही मोठं आश्वासन नाही. भरती निघाली तर गुणांत थोडं प्राधान्य आणि वयात सवलत, इतकंच. तरी मुलांना ते पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. 'सरकारीत लागला' या समजुतीवर लग्नं ठरतात, कर्जं काढली जातात. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेनं हा गोंधळ आणखी वाढवला. सहा महिन्यांसाठी ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये देऊन कार्यालयांत मुलं नेमली गेली, मुदत वाढली आणि मग त्यांतून कायम करण्याच्या मागण्या उभ्या राहिल्या. ती योजना आणि अप्रेंटिस कायद्याखालची उमेदवारी या वेगळ्या गोष्टी आहेत. गावात मात्र दोन्हींना एकच समजतात. करारनाम्यावर सही घेतानाच पालकांना बोलावून हे मराठीत समजावून सांगणं अवघड नाही. नव्या तुकडीपासून ते होणार आहे.

तुकडीतले दोघं हिंगण्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. पंपाची मुलगी एका जलशुद्धीकरणाच्या कंत्राटदाराकडं आहे. तिथं मुलाखतीत तिच्यासमोर डायल गेज ठेवलं होतं. काही जण पुन्हा फॉर्म भरत बसले आहेत. क्रेनचा मुलगा गावी गेला, त्याच्याशी अजून बोलणं झालेलं नाही.

काय अडलेलं आहे

आदेश एका प्रमुखांच्या सहीचा आहे. त्यांची बदली झाली तर नवे साहेब तो चालू ठेवतीलच असं नाही. शिकवण्याचा तास मिस्त्रीच्या कामाच्या वर्णनात कायमचा यावा, यासाठीचा प्रस्ताव मुख्यालयात गेला आहे. त्यासोबत दुसरा प्रस्ताव आहे: पंपाचे मिस्त्री आता निवृत्त झाले, मोटर वाइंडिंगचे दोघंही झाले. त्यांना तासिका मानधनावर आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलवावं. लेखा शाखेनं खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा म्हणून तो परत पाठवला. उत्तर दिलं, पहिलं स्मरणपत्र गेलं, दुसरं गेलं.

नव्या तुकडीची कागदपत्रं तपासून झाली आहेत. वाटणीच्या तक्त्यात या वेळी मुलांच्या नावासमोर सेक्शन, आठवडे आणि प्रशिक्षकाचं नाव असे तीन रकाने आहेत. वाइंडिंगच्या ओळीत प्रशिक्षकाचा रकाना रिकामा आहे. ती नेमणूक होईपर्यंत इलेक्ट्रिशियन मुलांना त्या सेक्शनला पाठवायचं नाही, मुख्यालयानं जागा भरल्या का विचारलं तरी नाही, असं कार्मिक अधिकाऱ्यांनी लेखी कळवलं आहे.